कोंडलेलं बोंडू

लोंढ्याच्या माणसाला कशाचंही कारण विचारा, 'ठाऊक नाही' असं उत्तर मिळणार नाही. याला जबाबदार रेल्वे. एक लाइन बेळगावकडून येते, दुसरी अळणावरकडून, आणि तिसरी कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात जाते. जिथे तीन दिशांच्या गाड्या एकमेकींसाठी खोळंबतात, तिथल्या लोकांना वेळ आणि श्रोते यांची कधी वाण पडत नाही. गाडी का थांबली, पाऊस का लांबला, अमक्याचं लग्न का मोडलं, बेळगाव कुणाचं, सगळ्याची उत्तरं बाकावर तयार असतात. शेवटच्या प्रश्नाची तर दोन असतात, आणि त्यांतलं कुठलं द्यायचं ते विचारणाऱ्याचा चेहरा बघून ठरतं.

अशा गावात अमेरिकेतल्या ओरेगनहून एक बाटली आली.

आली ती आमच्या शेजारच्या गार्डसाहेबांकडे. घाटातल्या मालगाड्यांवर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर, घरात कांदासुद्धा एकादशीला वर्ज्य. मुलगा पोर्टलंडला असतो. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते, हा नियम त्याला माहीत होता. बाप माळकरी आहे हेही माहीत होतं. दोन्हींचा मेळ घालून त्यानं ही बाटली बापापुढे ठेवली आणि म्हणाला, "बाबा, ही प्यायची नाही. बघायची."

बाटलीत पाण्यासारखी नितळ ब्रँडी, आणि तिच्यात अख्खं पेअर. सालीसकट, देठासकट, कुठे चीर नाही, टोचल्याची खूण नाही. पेअर चांगलं मुठीएवढं आणि बाटलीचा गळा जेमतेम अंगठा जाईल इतका. मुलगा बाटली ठेवून जो नातेवाइकांच्या भेटीला बेळगावला गेला, तो दोन दिवस आला नाही. त्याच्या माघारी गार्डसाहेबांच्या कट्ट्यावर लोक जमले.

"हे आत कसं गेलं की वो?"

पहिलं मत पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांचं. आधी पेअर ठेवायचं, मग त्याच्याभोवती बाटली फुंकायची. यावर कुणीतरी म्हणालं की वितळलेली काच हजार अंशांच्या आसपास असते, आतल्या पेअरचा मुरांबा होईल. अण्णा म्हणाले, अमेरिकेत गार काच निघाली असेल. दुसरं मत हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांचं. उकडलेलं अंडं सोलून बाटलीच्या तोंडावर ठेवायचं आणि आत पेटता कागद टाकायचा, अंडं गपकन आत जातं, हा प्रयोग त्यांनी आयुष्यभर दाखवलेला; त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू तशीच आत जाते अशी त्यांची खात्री. तिसरं मत किराणा दुकानदाराचं: पेअर सुकवून खारकेएवढं करायचं, आत सोडायचं, दारूत ते फुगतं. मनुका फुगत नाहीत का? चौथ्यानं बाटली उलटी करून भिंग लावलं आणि बुडाला सांधा शोधला. सांधा मिळाला नाही, तेव्हा तो म्हणाला, "बघा, किती सफाईनं जोडलाय." शेवटी खानापूरहून आलेल्या पाहुण्यांनी 'केमिकल' असा एकच शब्द उच्चारला आणि सभा थोडा वेळ गप्प झाली. केमिकलला उत्तर नसतं.

मुलगा परत आल्यावर त्यानं खरं ते सांगितलं. वसंतात पेअरचा मोहर गळून फळ सुपारीएवढं झालं की फांदीचा तो शेंडा रिकाम्या बाटलीत घालायचा आणि बाटली झाडालाच बांधायची, शक्यतो तोंड खाली करून, म्हणजे पाऊस आत साचत नाही. पेअर आतच वाढतं. उन्हाळा संपताना देठ कापायचा, बाटली फळासकट धुवायची आणि ब्रँडी भरायची. झालं.

"एवढंच?" अण्णा म्हणाले. सगळ्यांचे चेहरे पडले. इतक्या चर्चेनंतर गोष्ट इतकी सोपी निघावी हे कुणालाच आवडलं नाही. किराणा दुकानदार तर अजूनही खारकेवर ठाम आहे.

तर ही कला मूळची युरोपातली. फ्रान्सच्या अल्सासमध्ये पेअरच्या बागा अशा बाटल्यांनी लगडतात. तिथे त्या फळाला 'कैदी पेअर' म्हणूनच ओळखतात. नॉर्मंडीत हाच प्रकार सफरचंदाचा करतात आणि वर काल्वादोस ओततात. ओरेगनमध्ये स्टीव्ह मॅकार्थी नावाच्या गृहस्थाच्या घरच्या बागा हूड रिव्हर भागात होत्या. युरोपात पेअरची ब्रँडी चाखल्यावर त्याला वाटलं की आपल्या पेअरांचंही हे करता येईल. १९८५ मध्ये त्यानं पोर्टलंडला 'क्लिअर क्रीक' ही भट्टी काढली. गार्डसाहेबांची बाटली त्याच घराण्यातली.

पण मला या प्रकरणात सगळ्यांत मोलाची वाटली ती दुसरीच माहिती. एका बाटलीभर ब्रँडीला साधारण बारा-तेरा किलो पेअर लागतात. ती वेगळी. ती झाडावरून उतरवतात, चिरडतात, आंबवतात, तांब्याच्या भांड्यात उकळतात. चव, वास, जी काही नशा असेल ती सगळी त्यांची. बाटलीतल्या पेअरचा त्यात वाटा जवळपास शून्य. ते उन्हाळाभर काचेत बसून होतं आणि शेवटी त्याला आयती आंघोळ मिळाली. पण लेबलावर चित्र त्याचं, दुकानात कौतुक त्याचं, आणि किंमत वाढते तीही त्याच्यामुळे. सरकारी कचेरीत किंवा साखर कारखान्यात काही वर्षं काढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नसावी.

बघण्यासाठीच फळ पिकवणारे लोक जगात आणखीही आहेत. जपानात झेंत्सुजी गावी चौकोनी कलिंगडं करतात. कलिंगड लहान असतानाच पेटीत कोंडायचं, ते पेटीचा आकार घेतं. ते खायला फिकं लागतं, म्हणून दुकानाच्या काचेत मांडून ठेवतात. आपल्याकडे फळ दिसलं की बोटानं दाबून बघायची जित्याची खोड, त्यामुळे हा धंदा इथे चालेलसं वाटत नाही.

गार्डसाहेबांचं मत वेगळं पडलं. बाटलीकडे दोन दिवस टक लावून बघितल्यावर ते म्हणाले, "आपल्यात का न्हाई हुयाचं?" वैनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आपल्यात काय काय हुतंय ते आधी बघा. नळाला पाणी येईना." पण निवृत्त माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की पेअरसारखंच, ते बाहेर काढता येत नाही.

मग फळाची निवड सुरू झाली. करवंद पहिल्या फेरीतच बाद, कारण ते पिकल्यावरही गळ्यातून गडगडत आत जातं, त्यात कसली कैद! जांभळाचं तेच. फणसाचा विचार अण्णांनी मांडला. खानापूर तालुक्यातला फणस बाटलीत दाखवला तर जग थक्क होईल हे सगळ्यांनी मान्य केलं, पण तेवढी बाटली फुंकणाऱ्याची छाती कुठून आणायची, इथे घोडं अडलं. आंब्याला सर्वांनी एकमुखानं विरोध केला. आंबा दारूत बुडवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसेल तर करावा, असं सर म्हणाले. उरला काजू.

काजूच्या नावावर गार्डसाहेबांचा मुलगाही खूश झाला. कारण ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, सेआरा भागात, काजूचं बोंडू असंच बाटलीत वाढवून त्यावर उसाची दारू, काशासा, भरून विकतात. आणि काजू आपल्याकडे आला तो तिथूनच, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून. म्हणजे सेआराचं बोंडू आणि लोंढ्याचं बोंडू हे भाऊबंद. एकानं जमवलं ते दुसऱ्याला जमायला हरकत नसावी. भावकीत याच एका विचारानं लोक किती खर्चात पडतात!

काजूची रीतही मोठी उफराटी आहे. इतर फळांत बी आत आणि गर बाहेर. इथे बी उघड्यावर लोंबते आणि गर तिच्या मागून येतो. आधी हिरवी बी वाढून पूर्ण होते. तोवर तिचा देठ साधा देठच असतो. मग शेवटच्या काही आठवड्यांत तो देठ एकाएकी फुगतो, पिवळा-तांबडा होतो, आणि त्यालाच आपण बोंडू म्हणतो. बीच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, हे काजूच्या गावात वाढलेल्या कुठल्याही पोराच्या ओठाला ठाऊक असतं. बोंडू मात्र रसाळ. फक्त घशात खवखवतं, आणि तोडल्यावर एक दिवसही धड टिकत नाही.

घाटाखाली याच बोंडूची फेणी होते. तिथल्या भट्टीवाल्यांचा एक जुना दंडक आहे: बोंडू झाडावरून तोडायचं नाही. ते पूर्ण पिकून आपल्या मर्जीनं जमिनीवर पडलं पाहिजे. पडलेली बोंडं गोळा करायची, बी पिळून वेगळी काढायची, आणि मग कातळात खोदलेल्या कोळंबीत ती पायांनी तुडवायची. रस आपोआप आंबतो. वरून यीस्ट घालावं लागत नाही, हवेतलं आणि सालीवरचं पुरतं. तीनेक दिवसांनी तो 'भाण' नावाच्या भांड्यात उकळतात. पहिल्या धारेला निघतो तो हुर्राक. लिमका, मीठ आणि चिरलेली मिरची घालून लोक तो उन्हाळाभर पितात. हुर्राक परत आंबलेल्या रसाबरोबर उकळला की फेणी. मार्च ते मे एवढाच सगळा हंगाम. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं फेणीला राज्याचं वारसा-पेय म्हणून जाहीर केलं. तोपर्यंत कायद्याच्या कागदावर ती नुसती देशी दारू होती.

गार्डसाहेबांची योजना म्हणजे या दंडकाच्या अगदी उलट. जे पडलं पाहिजे त्याला पडूच द्यायचं नाही. परसातल्या काजूच्या झाडाला त्यांनी रिकाम्या बाटल्या बांधल्या. माळकऱ्याच्या घरात रिकाम्या बाटल्या कुठल्या? त्या कट्ट्यावरच्या मंडळींनी पुरवल्या, आणि कुणाच्या घरातून किती निघाल्या यावरून दोन घरांत अबोला झाला.

बाटल्या झाडावर चढल्या आणि लोंढ्याला विषय मिळाला. आंब्याच्या झाडाला बाटली दिसली तर आता कुणी बघतही नाही. फळमाशीसाठी दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा सगळ्यांना ठाऊक झालाय. दारापुढे निळ्या पाण्याची बाटली ठेवली की कुत्रं फिरकत नाही, हेही शास्त्र आपल्याकडे मान्य आहे. पण काजूला उलट्या टांगलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या, त्याही लेबलासकट! गावातल्या एका आजीनं तर तिथे नवस बोलला जातो असं समजून खाली हळदकुंकू वाहिलं. नवऱ्याची सुटायची असेल तर बाटली इथे बांधायची, अशी बातमी नागरगाळीपर्यंत गेली म्हणतात. दोन बायका चौकशीला येऊन गेल्या हे मात्र मी स्वतः पाहिलं. वैनींनी त्यांना चहा दिला आणि 'गुण येतोय का ते बघून सांगते' म्हणाल्या.

झाडावर मात्र हाल होते. उन्हात काच तापली की आतला मोहर करपायचा. पानं आत राहिली तर त्यांच्या घामानं बाटली धुकटायची आणि बुरशी धरायची. ढेकण्या किडीनं काही मोहर वाळवला. माकडांनी एक बाटली सोडवून नेली. आत फळ दिसतंय पण हाताला येत नाही, हे कळल्यावर त्या माकडानं जे केलं ते कट्ट्यावरच्या मंडळींनी पहिल्या दिवशी केलं होतं: उलटी करून बूड बघितलं. फरक एवढाच की त्यानं मग ती दगडावर आपटली आणि प्रश्न सोडवला. एका बाटलीत मात्र बी धरली, वाढली, आणि एप्रिलात तिच्यामागचा देठ फुगून पिवळाधमक झाला. काचेत कोंडलेलं अख्खं बोंडू. गार्डसाहेब रोज सकाळी पूजेनंतर त्याला बघायला जात.

आता दारू. पेअरवाल्यांना ही अडचण नाही, त्यांचं झाड आणि भट्टी एकाच मुलखात. इथे फळ कर्नाटकात, फेणी गोव्यात, आणि मध्ये घाट. कर्नाटकात अराक २००७ पासून बंद, घरी काही गाळण्याचा प्रश्नच नाही. तशी लोंढ्याला ही अडचण नवी नव्हे. १९४९ च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली, तेव्हा खानापूर तालुका मुंबई राज्यात होता. १९५६ ला तो म्हैसुरात गेला. आणि कॅसलरॉकच्या खाली, १९६१ च्या डिसेंबरापर्यंत, पोर्तुगिजांचा गोवा. वर थेंब नाही आणि खाली भट्ट्या चालू, अशी स्थिती असल्यावर माणसं काय करतील हे सांगायला इतिहासकार लागत नाही. सायकलची ट्यूब सायकलीपेक्षा माणसाच्या कमरेला जास्त असायची, असं गार्डसाहेबांचे वडील सांगत. ते पॉइंट्समन होते. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. कुळ्याहून वर येताना गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं. त्याचं कारण आतला माल, अशी वडिलांची समजूत होती.

गार्डसाहेबांनी कायद्याचा मार्ग धरला. कुळ्याच्या साडूंना फोन केला, आणि साडूंनी पावती-परवान्यासकट फेणीची एक बाटली आणून पोचवली. परवान्याचा कागद गार्डसाहेबांनी ज्ञानेश्वरीत जपून ठेवला. बोंडू अजून आठवडाभर झाडावर राहायचं होतं, म्हणून फेणी पेअरच्या शेजारी कपाटात गेली.

इथे पेअरच्या बाटलीचा एक कायदा सांगितला पाहिजे. फळ सतत दारूत बुडलेलं लागतं. पातळी खाली गेली आणि पेअरचं डोकं उघडं पडलं, की ते काळवंडतं आणि सगळं बिघडतं. म्हणजे ही जगातली एकमेव दारू, जी शिल्लक राहावी म्हणून प्यायची नसते, आणि प्यायलात तर तेवढीच वर ओतावी लागते. शोकेसवाल्या मध्यमवर्गाला याहून सोयीची वस्तू मिळणं अवघड. पण लोंढ्याच्या लोकांनी ती नुसती बघितली नव्हती. अण्णांनी 'वास बघू' म्हणून चमचाभर घेतली. सरांनी विज्ञानासाठी घेतली. खानापूरचे पाहुणे केमिकलची खात्री करून घ्यायला दोनदा आले. गार्डसाहेब मोठ्या मनाचे. स्वतः पीत नसल्यामुळे दुसऱ्याला किती द्यावी याचा त्यांना अंदाज नव्हता. पेअरचा देठ उघडा पडला, मग खांदे. ते पाहून वैनींचा जीव राहीना. पोरानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू! शेजारी दुसरी बाटली होती, तीही नितळ. त्यांनी पेअर भरून टाकलं. पाहुणे येतच राहिले, वैनी भरतच राहिल्या.

ज्या दिवशी बोंडू उतरवलं त्या दिवशी फेणीच्या बाटलीत दोन बोटं उरली होती.

गार्डसाहेबांनी पुन्हा कुळ्याला फोन लावला. साडू म्हणाले, रविवारी येतो. तोवर बाटली धुवून, तोंडाला बूच मारून ओट्यावर ठेवली. काजूचं बोंडू ते. धुताना आपटलं होतं, रस सुटला होता, आत थोडं पाणी राहिलं होतं, आणि हवा एप्रिलची. त्यानं रविवारची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीत बुडबुडे दिसले. तिसऱ्या पहाटे, काकड्याच्या वेळी, बूच उडून छताला लागलं आणि माळकऱ्याच्या स्वयंपाकघरात भट्टीचा वास दरवळला. कुठल्याही परवान्याशिवाय. वैनींनी बाटली उचलून थेट काजूच्या बुंध्याशी उपडी केली. बोंडू अर्थात बाहेर आलं नाही.

दिवाळीत मुलगा आला. कपाट उघडून बघतो तर पेअरची बाटली काठोकाठ.

"बाबा, थेंबसुद्धा कमी झाला नाही?"

"मी तोंडाला लावली न्हाई," गार्डसाहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मुलानं पेलाभर घेतली, एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा लेबल वाचलं. मग म्हणाला, "काही म्हणा, मुरलीय मात्र. पुढच्या वेळी अशीच दुसरी आणतो."

"दारू नको," गार्डसाहेब म्हणाले. "रिकामी बाटली आण. फणसाला बसंल अशी."

"एवढी मोठी? विमानात घेतील का?"

"दारूला दोन लिटरची हद्द हाय, रिकाम्या बाटलीला हद्द कसली?"

परसात वैनी सुतळी घेऊन गेल्या वर्षीच्या फणसाचा घेर हातवाऱ्यांनी आठवत होत्या.